डोमकावळा नावाचा राजहंस

हे नाव एकदा मोठ्यानं म्हणून बघा. फीअख्रा. 'फी' लांब, मग निसटता 'अ', मग घशातून किंचित खरवडत आलेला 'ख', आणि शेवटचा 'रा' अगदी हलका. जमलं? आपल्याला तसं सोपंच आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांची गाडी मात्र त्या 'ख'पाशी अडते. रोमन लिपीत तिथे 'सी' आणि 'एच' अशी जोडी असते, त्यामुळे ते बिचारे 'फियाच्रा' म्हणतात आणि मोकळे होतात.

हे आयर्लंडमधल्या मुलाचं नाव. तिथेही ते घरोघरी ऐकू येत नाही. पण मला विचाराल, तर एवढ्याशा नावात इतकी माणसं, पाखरं आणि गाड्या दाटीवाटीनं बसलेल्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत.

आधी पाखरू. आयरिश भाषेत 'फीअख' म्हणजे डोमकावळा. आपल्या अंगणातल्या कावळ्याचा थोरला भाऊ म्हणा ना! काळाकुळकुळीत, दणकट चोचीचा, भसाड्या आवाजाचा. तुम्ही म्हणाल, पोराचं नाव कोणी कावळा ठेवतं का? का नाही? आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून धोंडू आणि दगडू नावं ठेवतातच की. पण आयरिश लोकांचा हेतू वेगळा असावा. त्यांच्या पुराणकथांत डोमकावळा हा रणांगणावरचा पक्षी. मॉरिगन नावाची युद्धदेवता कावळ्याच्या रूपानं लढाईवर घिरट्या घालते. कू खुलिन हा त्यांचा सर्वांत मोठा वीर. मरताना तो स्वतःला एका उभ्या दगडाला बांधून घेतो, म्हणजे मरणही उभ्यानंच यावं. शत्रू जवळ यायला धजत नाहीत. शेवटी एक काळा पक्षी त्याच्या खांद्यावर येऊन बसतो, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटते की हा गेला. डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीत या प्रसंगाचा ब्राँझचा पुतळा आहे. तेव्हा डोमकावळा म्हणजे लढवय्या, असा तो हिशेब.

आता गंमत बघा. या नावाचा सर्वांत प्रसिद्ध मुलगा लढवय्या नव्हताच. तो कावळाही झाला नाही. तो झाला चक्क पांढराशुभ्र राजहंस!

लिर नावाच्या सरदाराची चार मुलं. फिनूला ही थोरली बहीण, तिच्या पाठचा ई, आणि मग फीअख्रा व कॉन हे जुळे. जुळ्यांच्या जन्माच्या वेळी आई गेली. लिरनं मेहुणीशी, ईफाशी लग्न केलं. मावशीच सावत्र आई म्हणून घरी आली आणि सुरुवातीला तिनं मुलांना जीवही लावला. पण बापाचा सगळा ओढा मुलांकडे, हे तिला पाहवेना. एके दिवशी तिनं चौघांना डेरावारा सरोवरात आंघोळीला उतरवलं आणि मंत्र घालून त्यांचे हंस करून टाकले. शाप नऊशे वर्षांचा! तीनशे वर्षं याच सरोवरात, तीनशे वर्षं आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधल्या खवळलेल्या समुद्रात, आणि उरलेली तीनशे पश्चिमेच्या किनाऱ्यावर. एवढीच दया दाखवली की त्यांची वाचा काढून घेतली नाही. हंस झाले तरी ते माणसांसारखे बोलत आणि गात. गाणंही असं, की लोक दूरदूरहून ऐकायला सरोवराकाठी येऊन राहत.

मधली तीनशे वर्षं सर्वांत वाईट. पिसांवर बर्फ गोठायचा, वादळात भावंडं एकमेकांपासून पांगायची. मग फिनूला त्यांना शोधून गोळा करायची. जुळ्यांना दोन्ही पंखांखाली घ्यायची आणि ईला छातीच्या पिसांत. आयर्लंडच्या मुलांना ही कथा शाळेत असतानाच ठाऊक होते, आणि माझ्या मते त्यांना जादूपेक्षा हा पंखांखालचा भागच जास्त लक्षात राहत असणार. शेवट मात्र गोड नाही बरं का. शाप सुटतो, पिसं गळून पडतात, आणि आत असतात नऊशे वर्षांची चार जख्ख म्हातारी माणसं. ती लगेचच मरतात. त्यांना पुरतानाही तसंच पुरतात, भावंडं बहिणीच्या कुशीत.

गोष्टीतल्या या पोरापलीकडे फीअख्रा नावाचे खरेखुरे लोकही होऊन गेले. पश्चिम आयर्लंडात 'ई फीअख्रख' म्हणजे फीअख्राचे वंशज म्हणवणारं एक मोठं राजघराणं होतं. पण सगळ्या जगात जाऊन आला तो एक साधा माळी.

सातव्या शतकातली गोष्ट. आयर्लंडहून फीअख्रा नावाचा एक संन्यासी फ्रान्सला गेला आणि पॅरिसच्या पूर्वेला मो गावाजवळच्या रानात मठी बांधून राहिला. तिथे त्यानं भाजीपाला आणि औषधी वनस्पती लावल्या. वाटसरूंना जेवू घालायचं, आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, हा त्याचा दिनक्रम. दंतकथा अशी की, तिथल्या बिशपनं त्याला सांगितलं, ''एका दिवसात जेवढ्या जमिनीभोवती चर खणशील तेवढी तुझी.'' फीअख्रानं नुसती काठी जमिनीवरून ओढत नेली, तर मागोमाग माती आपोआप उलटत गेली! ते पाहून एका बाईनं 'हा चेटूक करतो' अशी तक्रार केली म्हणे, आणि म्हणून त्याच्या मठीत बायकांना प्रवेश बंद झाला. एका बाईनं तक्रार केली म्हणून सगळ्यांना बंदी, हा कुठला न्याय? संत असला तरी हे मला मुळीच पटलेलं नाही. असो. फ्रेंच लोकांच्या तोंडात त्याचं नाव 'फियाक्र' झालं, आणि हातात फावडं घेतलेला हा संत माळीलोकांचा कैवारी ठरला. ३० ऑगस्ट हा त्याचा दिवस.

तुम्ही जुन्या फ्रेंच कादंबऱ्यांचे अनुवाद वाचले असतील, तर त्यांत 'फियाक्र' तुम्हाला भेटलेली असेल. ती असते भाड्याची घोडागाडी. मला कितीतरी वर्षं तो निव्वळ गाडीचा प्रकार वाटायचा. खरी हकिकत अशी की, सतराव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये निकोला सोव्हाज नावाच्या माणसानं भाड्यानं घोडागाड्या द्यायला सुरुवात केली. त्याच्या गाड्यांचा अड्डा ज्या घराशी होता, त्या घरावर संत फियाक्रचं चित्र होतं. लोक म्हणायला लागले, ''चला, फियाक्र करू.'' झालं! मुंबईत जशी राणीच्या नावाची व्हिक्टोरिया धावायची, तशी पॅरिसमध्ये माळ्याच्या नावाची फियाक्र धावू लागली. पॅरिसच्या फियाक्र केव्हाच गेल्या. पण व्हिएन्नामध्ये पर्यटकांना घेऊन फिरणारी दोन घोड्यांची गाडी आजही 'फियाकर' म्हणूनच ओळखली जाते, आणि तिचा गाडीवानही फियाकरच.

परदेशात नाव असं गाड्यांवर बसून हिंडत होतं. घरी मात्र आयरिश नावांचे हाल चालले होते. राज्य इंग्रजांचं, कचेरीतली भाषा इंग्रजी. १८३१पासून सरकारी मदतीच्या शाळा निघाल्या, त्याही इंग्रजीच. कित्येक ठिकाणी पोराच्या गळ्यात काठी अडकवत. तोंडून आयरिश शब्द निघाला की काठीवर एक खाच, आणि दिवसाअखेर जितक्या खाचा तितके फटके. यात पुष्कळदा आईबापही सामील असत, कारण इंग्रजी आलं तरच पोटाला मिळेल हे त्यांना दिसत होतं. १८४५ ते १८५२च्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि आणखी तितकीच देश सोडून गेली. आयरिश बोलणारे गरीब लोकच त्यात जास्त भरडले. नावंही भरडली गेली. फीअख्राच्या भावाचं 'ई' हे नाव कागदोपत्री 'ह्यू' झालं. फीअख्राला जवळचं असं सोयीचं इंग्रजी नाव नव्हतं, तेव्हा ते नुसतंच मागं पडलं.

१८९३ साली डब्लिनमध्ये गेलिक लीग ही संस्था निघाली आणि लोक पुन्हा आयरिश शिकू लागले. नावासाठी तर कोर्टापर्यंत भांडण गेलं. बैलगाडी असो की घोडागाडी, तीवर मालकाचं नाव वाचता येईल असं लिहिलं पाहिजे असा कायदा होता. डोनेगलच्या निअल मॅक गिला ब्रीदे या कवीनं आपल्या गाडीवर स्वतःचं नाव आयरिशमध्ये रंगवलं. त्याला दंड झाला! १९०५मध्ये पॅट्रिक पीअर्स हा तरुण वकील त्याच्या बाजूनं उभा राहिला. निकाल विरुद्ध गेला. आयरिश अक्षरं म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं न वाचता येणारी अक्षरं, असं ठरलं. त्याच पीअर्सला १९१६च्या उठावानंतर इंग्रजांनी गोळ्या घातल्या.

त्या उठावाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९६६ साली, डब्लिनमध्ये एक स्मृतिउद्यान उभारलं. १९७१मध्ये तिथे लिरच्या मुलांचं शिल्प बसवलं. चार मुलं कोसळताहेत आणि त्यांच्यातून हंस वर उडताहेत. शिल्पकार ओशीन केली. त्याचं जन्माचं नाव होतं ऑस्टिन. ओशीन हे त्यानं नंतर घेतलेलं आयरिश नाव.

आज आयर्लंडमध्ये मुलांच्या नावांत २००७पासून बहुतेक वर्षं 'जॅक'च पहिला आला आहे. पण फिन, ओशीन, टाइग ही जुनी नावंही आता वरच्या रांगेत दिसतात. फीअख्रा त्यांच्या बराच मागे चालतो. परदेशी गेलेल्या फीअख्राला आपलं नाव अक्षर-अक्षर सांगावं लागतं, आणि तरी समोरचा भलतंच लिहितो. तुम्हाला कधी भेटला, तर त्याला त्याच्या नावानं हाक मारा. तो 'ख' नीट आला पाहिजे हं. आणि मग विचारा, ''तू हंसातला की माळ्यातला?''