आवतण

लोकसाहित्याच्या तासाला विधी आणि उत्सव हे प्रकरण चालू होते. दिवस ऑक्टोबरअखेरचे. यवतमाळातल्या एका इंग्रजी शाळेत भोपळ्याला डोळे कोरून आणि मुलांना काळे झगे घालून हॅलोवीन साजरा झाल्याची छायाचित्रे वर्गातल्या मुलींच्या मोबाइलवर फिरत होती. एकीने विचारले, “मॅडम, हा तर आपला तान्हा पोळाच झाला ना?” वर्ग हसला, मीही हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. श्रावणी अमावास्येला मोठ्या बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा. चाकांच्या पाटावर उभा केलेला लाकडी नंदी, त्याच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर आईच्या जुन्या साडीच्या काठाची झूल. मुले शेतकरी, वासुदेव, शिवाजी महाराज, हल्ली डॉक्टर आणि सैनिक अशी सोंगे घेतात, तोरणाखाली जमतात आणि मग नंदी ओढत दारोदार जातात. घरची बाई नंदीला ओवाळते आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळात ही प्रथा सुरू झाल्याचे सांगतात.

वर्गात मी साम्ये आणि भेद फळ्यावर मांडले. ३१ ऑक्टोबर ही ख्रिस्ती सर्वसंतदिनाची पूर्वसंध्या; तिच्यामागे केल्टिक लोकांचा सुगी सरल्याचा सण असावा असे अनेक अभ्यासक मानतात; एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत रुजला. तिथे मूल दारात उभे राहून खाऊ दिला नाही तर खोडी काढण्याची लटकी धमकी देते. आपल्याकडे धमकी नाही, कारण दारात आलेला नंदी पाहुणा असतो. वर्गाला हे आवडले. एक गोष्ट मात्र मी फळ्यावर लिहिली नाही. दोन्ही सणांत मुलाकडून अपेक्षा सारख्याच असतात: अंगाला न सरावलेले कपडे घालावेत, गर्दीतून परक्या दाराशी जावे, काहीतरी बोलावे आणि दिलेले हात पुढे करून घ्यावे. ज्याला या चारही गोष्टी जड जातात असे एक मूल आमच्या घरी आहे.

तो माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा. तो स्वमग्न आहे. फार थोडे बोलतो. त्याला फिरणारी चाके आवडतात. पंखा, शिवणयंत्र, रसवंतीचे चरक. मिक्सरचा आवाज त्याला आपल्याला कानाशी फटाका वाजावा तसा लागतो, हे समजायला आम्हाला दोन वर्षे लागली. कायद्यालाही वेळ लागलाच. १९९५च्या अपंगांसाठीच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात तिचा विचार झाला आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने धरलेल्या एकवीस प्रकारांत ती आली. या मुलांना ‘विशेष’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द मला पूर्वी सौम्य आणि सभ्य वाटे. आता वाटत नाही, आणि त्याचे कारण शब्दकोशात नाही.

२०२२ साली, करोनाच्या दोन वर्षांच्या खंडानंतर, आमच्या वसाहतीतल्या मंडळाने तान्हा पोळा मोठ्या थाटात करायचे ठरवले. वेशभूषेच्या परीक्षकांत मी होते, आणि मराठीची प्राध्यापक म्हणून सूत्रसंचालनही माझ्याच गळ्यात. भाचा तेव्हा सहा वर्षांचा. त्याला मीच तयार केले. धोतर, फेटा, डिंकाने चिकटवलेली कागदी मिशी, खांद्यावर ज्वारीचे ताट. भावजय एकदा म्हणाली, “ताई, मिशी राहू द्या.” मी म्हटले, एवढ्याने काय होते!

मैदानात पोचलो तेव्हा डीजे चालू होता. मी मंचावर गेले आणि उत्साहाच्या भरात पहिलेच नाव त्याचे पुकारले, ध्वनिक्षेपकावरून, आडनावासकट. त्याने दोन्ही कान दाबले. मग मिशी ओरबाडली, फेटा फेकला, धोतर सोडले आणि नंदी जमिनीवर आपटला. नंदीचे एक शिंग मोडले. गर्दीतून कुणीतरी म्हणाले, “लाड लय झाले.” भाऊ त्याला उचलून धावत घराकडे गेला, आणि मी, सांगायला लाज वाटते, पुढचे नाव पुकारले.

रात्री मंडळाचे कार्यकर्ते घरी आले. त्यांनी भाच्यासाठी ‘विशेष पारितोषिक’ आणले होते, एक कंपासपेटी. तो झोपला होता. कंपासपेटी भावाच्या हातात देऊन छायाचित्र काढले गेले आणि ते गटावर फिरलेही. माणसे वाईट नव्हती. त्यांना काहीतरी करावेसे वाटले, आणि आपल्याकडे काही करायचे म्हटले की बक्षीस देतात. ते गेल्यावर भावजय माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, त्याला बक्षीस नको होतं. तिथं काय होणार आहे आणि घरी कधी यायचं आहे, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.”

कुणीतरी म्हणजे मी.

पुढल्या वर्षी पोळ्याला आम्ही सगळे दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. बाबांकडे आता एकच जोडी आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी झाली. वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद-तुपाने शेकायचे, चोळायचे आणि मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन त्याला आवतण द्यायचे, की उद्या जेवायला ये. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. वर्गात त्यावर बोलले आहे, ‘पशूला अतिथीचा दर्जा देणारा कृषिविधी’ वगैरे. त्या संध्याकाळी मात्र मी बाबांचे बोलणे ऐकत होते. त्यांच्या जोडीतला एक बैल बुजतो. ढोल वाजला की बिथरतो. सालदाराने विचारले, याला तोरणात न्यायचे का घरीच बांधायचे? बाबा म्हणाले, “घरी काहून बांधता? नेजा. पण मधात नोको घेऊ त्याले, कडेनं येऊ दे, शेवटी. अन् आताच सांगून ठेव त्याले.”

मुलाला बैलाच्या पंगतीला बसवते आहे असे कुणाला वाटेल. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला त्यात कमीपणा दिसणार नाही. मला एवढेच दिसले की, बुजणाऱ्या बैलासाठी बाबांकडे एक पुरते शहाणपण तयार होते. त्यात दया नव्हती, बक्षीसही नव्हते. त्याला सणातून वगळायचा नाही, त्याच्या मानेप्रमाणे दोर ढिला ठेवायचा, आणि उद्या काय आहे ते आज सांगायचे. आम्ही शिकलेल्यांनी भाच्याला आवतणच दिले नव्हते. एकदम तोरणाखाली नेऊन उभे केले होते.

आपल्या परंपरेत सारे आधीपासूनच आहे असे म्हणण्याचा मोह इथे होतो. तो आवरलेला बरा. ज्या दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा, त्याच दिवशी पहाटे मारबत. नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतींच्या मिरवणुका निघतात. आमच्याकडे दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या गावाबाहेर नेऊन टाकतात आणि रोगराई, खोकला, इडापीडा सगळे मारबतीने घेऊन जावे म्हणून ओरडतात. माझ्या लहानपणी पोरे या यादीत गावातल्या एका पाय ओढत चालणाऱ्या माणसाचे नाव घालत. तो ओट्यावर बसून ऐकत असे. मीही ओरडले आहे. लोकपरंपरेच्या संग्रहांत अशा आरोळ्या सहसा येत नाहीत.

आणि त्याच गावात भुलाबाईही होती. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जाऊन गाणी म्हणायच्या आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. डबा कानाशी धरून हलवायचा. आमच्यात एक आंधळी मैत्रीण होती. डब्यात फुटाणे आहेत की मुरमुरे, शेंगदाण्याचा लाडू आहे की वडी, हे ती हलवण्याआधीच वासावरून सांगे. तिच्यासाठी कुणी नियम बदलला नव्हता. खेळच असा होता की तिची बाजू वरचढ ठरे. तिने ओळखू नये म्हणून दुसऱ्या आळीच्या बायका डब्याला फडके गुंडाळत.

असो. २०२३च्या तान्ह्या पोळ्याकडे येते. गावाहून परतलो तो दुसऱ्याच दिवशी सण; पण तयारी आधीच्या आठवड्यात सुरू झाली होती. भावजयीने चित्रे काढली: नंदी, रस्ता, पहिले दार, दुसरे दार, तिसरे दार, घर. ती रोज रात्री त्याला दाखवली. नवा नंदी त्याने घेतला नाही, मोडक्या शिंगाचाच हवा होता. शिंग फेविकॉलने चिकटवले. सोंग काहीच नाही, रोजचा सुती सदरा. सदऱ्याच्या आत भावाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी शिवली, कारण गर्दीत घाबरलेले असे मूल हात सोडून कुठेही निघून जाऊ शकते, आणि स्वतःचे नाव विचारले तर सांगेलच असे नाही. मिशा आणि मुखवटे याबाबत तर मी आता सर्वच आयांना सांगते, की डिंकाने कातडीला खाज सुटते, मुखवट्याच्या भोकांतून बाजूचे दिसत नाही, आणि आपल्या रस्त्यावरून ऑटो तशाच भरधाव जात असतात.

मंडळाशी बोलणे अवघड गेले. माझी मागणी एकच होती: चार ते पाच ध्वनिक्षेपक नको, डीजे नको, पूजा आणि झडत्या तोंडी होऊ द्या. एक तरुण म्हणाला, “मॅडम, डीजेचे पैसे पाच तासांचे दिले आहेत.” दुसऱ्याने सुचवले, की अशा मुलांच्या छातीवर निळा बिल्ला लावू, म्हणजे सगळे सांभाळून घेतील. हे त्याने नेटवर वाचले होते. अमेरिकेत काही पालक हॅलोवीनला स्वमग्न मुलाच्या हाती निळी बादली देतात. मूल बोलले नाही तर दार उघडणाऱ्याने समजून घ्यावे ही कल्पना. त्यावर तिथे वादही आहे. काही पालक म्हणतात, आमच्या मुलाने खाऊ मागण्याआधी आपले निदान का दाखवावे? याउलट २०१४पासून तिथे काही घरे दाराशी निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतात. विशिष्ट अन्नाची अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी इथे खाण्याखेरीज दुसरे काही मिळेल, अशी ती खूण. एकीकडे खूण मुलाच्या हातात आहे, दुसरीकडे घराच्या दारात. भावजयीने बिल्ल्याला नकार दिला आणि मला तिचे पटले. तरी अनोळखी उपनगरात राहणाऱ्या आईला निळी बादली सोयीची वाटली तर तिला नावे ठेवायला मी तयार नाही. आमच्या वसाहतीत सगळे सगळ्यांना ओळखतात. आम्हाला बिल्ल्याची गरज नव्हती, तीन दारे आधी सांगून ठेवण्याची होती.

ती तीन दारे भावजयीने निवडली. निरोप एवढाच: नाव विचारू नका, गालाला हात लावू नका, तो घेईल तेवढा वेळ घेऊ द्या.

पहिल्या दाराशी तो नंदीच्या शेजारी आडवा झाला आणि चाके पाहत राहिला. पाच मिनिटे तरी गेली. घरच्या काकू ताट घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या दारी निरोप विसरला गेला. ‘बोल ना रे राजा’ सुरू झाले तसा तो वळला, आम्हीही वळलो. तिसऱ्या दारात ऐंशीच्या घरातल्या आजी होत्या. त्यांनी नंदीला कुंकू लावले, ओवाळले. बोजारा घ्यायला याने हात पुढे केला नाही. आजींनी नाणे नंदीच्या पायाशी, पाटावर ठेवले आणि म्हणाल्या, “नंदीचं आहे, नंदीले दिलं.” त्याने ते नाणे उचलले आणि पाटावर कडेवर उभे करून फिरवले.

चौथे दार समोरच होते. एवढे छान चालले आहे तर जाऊ या, असे माझ्या तोंडून निघाले. त्याने चित्र काढून दाखवले. तिसऱ्या दारानंतर घर होते.

मैदानात त्या दिवशी पाच वाजेपर्यंत खरेच ध्वनिक्षेपक लागला नाही. तीन पायऱ्यांच्या मंचावर मुलांना चढवण्याऐवजी आम्ही परीक्षक खाली बसलो, कारण चाकांच्या खुर्चीतली एक मुलगी होती आणि तिचा नंदी खुर्चीलाच बांधला होता. तिला ‘विशेष’ द्यावे असे एका परीक्षकांना वाटत होते. मी गुणपत्रिका पुढे केली. तिला तिसरा क्रमांक मिळाला आणि ती तिसऱ्या क्रमांकावर नाराज होती. दुसरा कसा नाही, असे तिने मला येऊन विचारलेही. झडत्या म्हणायला वसाहतीतले एक निवृत्त पोस्टमन उभे राहिले. त्यांचा आवाज तोपर्यंत कुणी ऐकलाच नव्हता, डीजेमुळे. तान्ही बाळे घेऊन आलेल्या आया शेवटपर्यंत थांबल्या. पाचनंतर डीजे वाजला. आमच्या घरापर्यंत ऐकू येत होता. भाच्याने दारे लावून घेतली.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पुढच्या वर्षी मंडळाचे पदाधिकारी बदलले आणि तो तास निम्म्यावर आला. त्यातही कुणीतरी पुंगी वाजवलीच. दुसऱ्या दाराच्या घरून अजून विचारतात, आमच्याकडे का येत नाही? त्यांना काय सांगावे ते आम्हाला कळत नाही. त्यांचे खरे तर काही चुकले नव्हते.

यंदाच्या पत्रकात ‘चार ते पाच माईक बंद’ ही ओळ पुन्हा आली आहे, मी न सांगता. ‘बंद’वरचा अनुस्वार छापायचा राहिला आहे. भावजयीने चित्रांत चौथे दार काढून ठेवले आहे, पण अजून त्याला दाखवलेले नाही. नंदीचे शिंग पुन्हा निखळले आहे. आज महाविद्यालयातून येताना फेविकॉल आणायचे आहे.