पोथीचे चार शत्रू

जुन्या पोथीचा लेखक शेवटचे पान लिहून झाले, की पुढे ती हाताळणाऱ्यास एक विनंती करून ठेवीत असे. पोथी तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, सैल बांधणीपासून सांभाळा. आणि मूर्खाच्या हाती तर देऊच नका. हस्तलिखिते चाळणाऱ्यांच्या परिचयाचा हा मजकूर मी विद्यार्थिदशेत कौतुकाने वाचला होता. त्यातला चौथा शत्रू कोण, हे मात्र मला वयाच्या साठाव्या वर्षी, धावत्या आगगाडीत कळले.

भिलाई हे गावच मुळी प्रवाशांचे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येऊन येथील सेक्टरांत वसली. माझे वडील अमरावतीहून आले. येथील अनेकांप्रमाणे त्यांनाही प्रशिक्षणासाठी रशियात पाठवण्यात आले होते. परतताना त्यांनी दोन वस्तू जिवापाड जपून आणल्या. मेणकापडात गुंडाळलेली एक रोजनिशी आणि ‘फेड’ नावाचा एक कॅमेरा. पुढे आयुष्यभर त्यांचा एक दंडक होता. छायाचित्रे घरातल्या आल्बममध्ये लावायची, पण त्यांच्या निगेटिव्ह अमरावतीला आजीच्या ट्रंकेत ठेवायच्या. “मूळ आणि नक्कल एका छपराखाली ठेवू नये,” असे ते म्हणत. आम्हां मुलांना हा त्यांचा तऱ्हेवाईकपणा वाटे. एका पावसाळ्यात क्वार्टरच्या कपाटाला वाळवी लागली आणि आल्बमची माती झाली, तेव्हा अमरावतीच्या ट्रंकेने आमचे सगळे बालपण परत केले. आज संगणक जाणणारी मंडळी सांगतात, की तीन प्रती ठेवाव्या, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी असावी. बाबांना ही सूत्रे कोणी शिकवली नव्हती.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी आईला घेऊन अमरकंटकला गेलो. तिचे वय त्या वेळी त्र्याऐंशी होते, आणि नर्मदेचे उगमस्थान पाहण्याची तिची इच्छा जुनी होती. दुर्गहून बिलासपूरमार्गे पेंड्रारोड, आणि तेथून पुढे घाटाने वर. याच पेंड्र्याहून माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ़ मित्र’ सुरू केले, हे मी आईला गाडीत सांगितले. मातृभाषा मराठी असलेल्या या गृहस्थाने हिंदीची सेवा केली आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यावर आई एवढेच म्हणाली, “म्हणजे आपल्यासारखेच, इकडे येऊन राहिलेले.”

तीन दिवसांत मी मोबाइलवर दोनशेच्या वर छायाचित्रे काढली. नर्मदाकुंडाच्या पायरीवर बसून आईने लहानपणी पाठ केलेले नर्मदाष्टक अडखळत, पण अखेरपर्यंत म्हटले, तेही चित्रित केले. ही सारी छायाचित्रे आपोआप ‘क्लाउड’वर, म्हणजे मेघावर जमा होतात, अशी माझी समजूत होती. पण वाय-फाय असेल तरच ती वर जावीत, अशी व्यवस्था मीच कधीतरी करून ठेवली होती आणि विसरून गेलो होतो. आमच्या धर्मशाळेत वाय-फाय नव्हते. कालिदासाचा मेघ ज्या आम्रकूटावर विसावला, तो हाच अमरकंटक, असे अनेक विद्वान मानतात. यक्षाचा निरोप वाहून नेणाऱ्या मेघाने माझे ओझे मात्र तेथेच राहू दिले. धाकट्या बहिणीने दोनदा फोनवर सांगितले, “दादा, फोटो आत्ताच पाठव.” मी म्हणालो, “घरी गेल्यावर निवांत पाठवतो.” आईच्या आग्रहाखातर तेवढी तीन पाठवली.

परतीच्या गाडीत, पहाटे, मी मोबाइल भारित करण्यासाठी दाराजवळच्या सॉकेटला लावला आणि बर्थवर येऊन आडवा झालो. बिलासपूर सुटल्यावर डोळा लागला. रायपूरला जाग आली तेव्हा तेथे नुसती वायर लोंबत होती. तेल नव्हे, पाणी नव्हे, सैल बांधणीही नव्हे. पोथी मूर्खाच्या हाती होती.

तक्रार लिहून घेणाऱ्याने यंत्राचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक विचारला. तो मी कोठेही लिहून ठेवला नव्हता. चोरीचा मोबाइल देशभर बंद पाडण्याची सोय सर्वांना २०२३ पासून झाली आहे, पण त्यासाठीही हा क्रमांक लागतोच. खोक्यावर छापलेला तो क्रमांक रोजनिशीच्या पहिल्या पानावर उतरवून घेण्यास एक मिनिट पुरते.

या निमित्ताने मला गोडसे भटजी वारंवार आठवले. १८५७ साली वरसईहून निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला, पुन्हापुन्हा लुटला गेला, आणि तरी गंगोदकाची कावड त्याने आईवडिलांसाठी घरी आणली. ‘माझा प्रवास’ त्याने लिहिला तो सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून आणि आठवणीच्या आधारे. वैद्यांनी तो १९०७ साली छापला तो भाषेवर हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ साली निघाली. मूळ वही जपली गेली म्हणूनच भटजींची स्वतःची बोली आपल्याला ऐकता आली. लोकमान्यांचे मंडालेत पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ सुटकेनंतर काही काळ सरकारच्याच ताब्यात होते. वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, अशा अर्थाचे ते बोलले, अशी आठवण सांगितली जाते. थोरांची गोष्ट वेगळी. माझ्या डोक्यात काय उरले होते? नर्मदाकुंडाकडे पाहताना माझे लक्ष आईपेक्षा पडद्यावरील चौकटीकडे अधिक होते, हे मला कबूल केले पाहिजे.

आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती गेली. तेराव्यानंतर बहिणीने तिची हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली. प्रवासात ही वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी रात्री उशाखाली, असा आईचा नेम होता. अमरकंटकची तीन पाने त्यात होती. दोन चहा, वीस रुपये. फुले व उदबत्ती, तीस. केळी अर्धा डझन, वीस, त्यापुढे कंसात, “चार माकडाने नेली, हा हसला.” जीपवाल्याला पन्नास जास्त दिले, “मुलगी आजारी आहे म्हणाला.” माकड आणि केळी ही गोष्ट मी साफ विसरलो होतो. ते वाचताच तो उतार, तिची काठी आणि माझे हसणे जसेच्या तसे डोळ्यांपुढे आले.

आता प्रवासात रोज झोपण्यापूर्वी मी दिवसाची छायाचित्रे एका वेगळ्या कार्डावर उतरवतो; ते कार्ड मोबाइलच्या पिशवीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवतो. निवडक दहा बहिणीला पाठवतो. वहीच्या पानांचेही छायाचित्र घेतो, म्हणजे वही हरवली तरी मजकूर राहावा. मोबाइल नजरेआड भारित करीत नाही. आणि दिवसाचा खर्च लिहितो, कंसातल्या मजकुरासह.

आईच्या वहीची मी नक्कल करून घेतली आहे. मूळ वही बहिणीकडे पुण्यास, नक्कल माझ्याकडे भिलाईत, दोन छपरांखाली. नर्मदाष्टकाचे चित्रण मात्र परत मिळाले नाही. तिचा आवाज थरथरत होता आणि एका कडव्यापाशी ती थांबली होती, एवढे मला आठवते. ते कडवे कोणते, हे आठवत नाही.