शेवटचं स्टेशन गोंदिया

रात्री पुणे स्टेशनवर लागलेली 'महाराष्ट्र एक्स्प्रेस' पाहिलीय कधी? डब्यावरच्या पाटीवर एका टोकाला कोल्हापूर, दुसऱ्या टोकाला गोंदिया. कोल्हापूर आपल्याला पाठ. तांबडा-पांढरा, चपला, रंकाळा. आणि गोंदिया? बहुतेकांसाठी फक्त पाटी. मुंबईकरांनी ती 'विदर्भ'च्या डब्यावर वाचलेली असते, एवढंच. माझंही तसंच होतं. मग ऑफिसात शेजारच्या खुर्चीत एक अस्सल गोंदियाकर येऊन बसला.

दर दिवाळीला त्याला घरून फोन यायचा. "मंडईले येऊन राह्यला का यंदा?" याचं उत्तर ठरलेलं. "रिलीज आहे बाबा, पैसे पाठवतो." मला वाटायचं, भाजी मंडई! तिच्यासाठी पोराला हजार किलोमीटरवरून कशाला बोलावतात? अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी बहिणीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, की पोरगा बोलायला लागलाय आणि 'मामा' म्हटलं की मोबाइलकडे बोट दाखवतो. गडी गप्प झाला. संध्याकाळी त्याने वेटिंगचं तिकीट काढलं. आणि मी लटकलो सोबत.

पुण्यात रात्री चढलात की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदिया. कोल्हापूरपासून मोजलं तर तेराशेहून जास्त किलोमीटर, आणि गाडी महाराष्ट्राबाहेर जात नाही! उतरल्यावर मात्र क्षणभर शंका येते, कारण कानावर पडते ती हिंदी. एका बाजूला मध्य प्रदेशचा बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. बाजारात हिंदी, घरात पोवारी किंवा मराठी, जंगलाकडे गेलात तर गोंडी. रिक्षावाल्याशी मी शुद्ध पुणेरीत बोललो, तर तो म्हणाला, "साहब, बाहर के हो क्या?" शहर तसं व्यापारी. राइस मिल, बिडी-तेंदूपत्ता आणि हावडा-मुंबई लाइनवरचं मोठं जंक्शन. जिल्हा म्हणाल तर कोवळा, भंडाऱ्यातून 1 मे 1999 ला वेगळा झालेला. सकाळी चौकात तर्री-पोहे खा. पण तर्री किती घालू असं विचारलं, तर हिरोगिरी करू नका. मी केली.

खरी धमाल शहराबाहेर. आम्ही बल्लारशाच्या लाइनवर अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेलो. दोन्ही बाजूंना धान. काही कापलेलं, काही उभं. मध्येच तळी. हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. जुन्या काळी कोहळी समाजाने बांधलेले, आणि आजही धान त्यांच्यावर पिकतं, ढीवरांची मासेमारी त्यांच्यावर चालते. याच तळ्यांच्या आणि शेतांच्या आधाराने गोंदियात सारस टिकून आहे. माणसाच्या उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रात याच भागात उरलाय, तोही मोजका. आम्हाला दिसला नाही. मित्र म्हणाला, लहानपणी शाळेत जाताना रोज दिसायचा.

तर मंडई. दिवाळी संपली की भंडारा-गोंदियाच्या गावागावात मंडई भरते. एका दिवशी सगळीकडे नाही, हे खरं डोकं. आज या गावात, उद्या शेजारच्या. म्हणजे प्रत्येक गाव दुसऱ्याकडे पाहुणं जायला मोकळं. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, सोयरे येतात. दुपारी बाजार. बांगड्या, फुगे, जिलेबी, उकडलेले शिंगाडे. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचत येतात. कुठे दंडार रंगते, कुठे खडी गंमत. आणि गर्दीआड, कुणाच्या तरी ओसरीवर, चहाच्या निमित्ताने मुलगी किंवा मुलगा बघून होतो. मॅट्रिमोनी साइटचे पैसे वाचतात. माझ्याकडेही दोन काकूंनी जरा जास्तच वेळ पाहिलं, असा माझा समज आहे.

आमच्या हिरोचं काय झालं? बहीण बैलगाडीच्या जमान्यातली नाही, नवऱ्याच्या बाइकवरून आली. पोरगं मामाकडे बघेना. मामाने हात पुढे केला, पोरगं आईच्या पदरात. मामाने रिमोटची गाडी काढली. गाडी घेतली, मामा नाही घेतला. बाबा दारात उभे राहून हे सगळं पाहत होते, बोलले काहीच नाहीत. आपण प्रोजेक्ट प्लॅनमध्ये सगळ्याचे दिवस धरतो, याचे कुठे धरतो?

रात्री नाटक. झाडीपट्टी रंगभूमी हे नाव तुम्ही ऐकलं असेल, निदान 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तरी. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा तिचा मुलूख. बऱ्याच कंपन्यांचा मुक्काम गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. दिवाळी ते होळी सीझन. एके काळी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती पाहायला आलेल्यांना रात्री करमणूक हवी, म्हणून नाटकं व्हायची. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, 2021 च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात बैल थांबले, नाटक नाही थांबलं.

आणि काय नाटक! पडदा उघडायला रात्रीचे दहा वाजून जातात, संपेस्तोवर उजाडतं. शेतात शामियाना, जमीन खोदून प्रेक्षकांसाठी केलेला उतार, बाजूला ऑर्गन-तबला, आणि थंडी अशी की चादर घेतल्याशिवाय बसता येत नाही. हुंडा, जमीन, दारू, सख्खे भाऊ वैरी. मध्येच फक्कड गाणं. पुण्यातल्या प्रायोगिकवाल्यांनी नाक मुरडलं असतं. पण तिसऱ्या अंकात म्हातारा बाप मुलाची वाट पाहत ओट्यावर बसतो, तेव्हा हजारभर माणसं चिडीचूप. मी मित्राकडे पाहिलं नाही. पाहायला नको होतं.

पहाटे चारला मागे वळून पाहिलं, तर भाचा मामाच्या मांडीवर झोपलेला. बहुधा चादर मामाकडे होती म्हणून.

तुम्हाला दिवाळीत जमत नसेल, तर माघ पौर्णिमेला जा. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांशी गोंड समाजाची मोठी जत्रा भरते, चार-पाच राज्यांतून लोक येतात. देवस्थान त्यांचं आहे, तेव्हा कॅमेरा काढण्याआधी विचारा. नवेगावबांध आणि नागझिरा तर आहेतच.

निघताना स्टेशनवर मित्राने बाबांना विचारलं, "पुढच्या वर्षी मंडई किती तारखेला?"

"ते गाव ठरवते," बाबा म्हणाले. "तू सुट्टी सांगून ठेव."