शब्दाची चव

इंग्रजी साहित्य शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें, आणि त्या साहित्यांतील निम्मीं पात्रें हातांत पेला घेऊनच बोलतात, ही गोष्ट आमच्यासारख्या निर्व्यसनी माणसाला नेहमींच अडचणीची वाटत आली. शेक्सपिअरचा फॉलस्टाफ गुत्त्यांतून हलावयास तयार नसतो. डिकन्सच्या प्रवाशांना मुक्कामागणिक कांहीं तरी प्यावयास लागतें. 'एल' हा शब्द आला कीं आम्ही चष्मा सारखा करीत असूं, "एक प्रकारचें सौम्य मद्य" असें म्हणत असूं आणि घाईनें पुढची ओळ गांठीत असूं.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मागल्या बांकावरच्या एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, पण तिची चव कशी असते?" आम्हांला ठाऊक नव्हतें. तें कबूल करण्याऐवजीं आम्हीं म्हटलें, "परीक्षेंत चव विचारीत नाहींत." वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला, आणि वर्षभर त्यानें पुन्हां कांहीं विचारलें नाहीं.

आमच्या घरांत हा विषयच वर्ज्य. आजोबांनीं १९३० सालच्या चळवळींत दारूच्या दुकानापुढें उभें राहून निरोधन केलें होतें. त्यांची तसबीर आजही आमच्या बैठकीच्या खोलींत आहे.

गेल्या उन्हाळ्यांत कन्येकडे लंडनला गेलों असतां जावयांनीं आम्हां उभयतांना एका जुन्या पबांत नेलें. "बाबा, नुसते बसा तरी," ते म्हणाले. बिअर ही एकच वस्तु असते अशी आमची समजूत. येथें लांकडी मुठींची रांगच उभी होती, आणि प्रत्येकीवर निराळें नांव! मालकाला सवड होती. त्यानें एकेकीची ओळख करून दिली. जवाला मोड आणून, तो भाजून, त्याचा गरम पाण्यांत उतरलेला अर्क हॉपच्या फुलांबरोबर उकळावयाचा, ही रीत सर्वांची एकच. परंतु हॉप बेतानें घातला तर 'माइल्ड', सढळ हातानें घातला तर 'बिटर'. काळसर 'पोर्टर' अठराव्या शतकांतील लंडनच्या हमालांच्या आवडीची म्हणून त्यांचेंच नांव ल्याली. तिचीच अधिक जोरकस बहीण ती 'स्टाउट'. एकीच्या नांवांत तर आमचाच देश निघाला. हिंदुस्थानांतील साहेबलोकांसाठीं जहाजांतून येणाऱ्या बिअरमध्यें ती टिकावी म्हणून हॉप भरपूर घालीत; त्या परंपरेंतली ही 'इंडिया पेल एल'.

खरी गंमत तळघरांत होती. ही बिअर पिंपांत जिवंत असते. आंतलें यीस्ट तेथेंही काम करीत राहतें, जसें आपल्याकडे दुधांत विरजण करतें. पिंप उघडलें कीं तीनएक दिवसांत संपवावें, नाहीं तर ती उतरते. वरची मूठ ओढली कीं पंप ती खालून वर खेंचतो; वायूचा दाब लागत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत मोठे कारखाने गाळलेली, तापवून यीस्ट मारलेली व वायू भरलेली बिअर सर्वत्र देऊं लागले, तेव्हां पिणाऱ्यांनींच १९७१ सालीं संघटना काढून ही जुनी रीत वांचविली. गढूळपणा खालीं बसावा म्हणून पूर्वापार माशाच्या पोटांतील पिशवीपासून केलेला पदार्थ घालीत, हें ऐकतांच सौभाग्यवतींनीं आपला लेमोनेडचा पेला दोन हात दूर सरकविला.

आम्हीं अर्धा पाइंट बिटर मागितली. गारवा बर्फाचा नव्हे, माठांतल्या पाण्याचा. फेंस थोडा. आधीं भाजलेल्या धान्याचा मंद गोडवा, पावाच्या कडेसारखा. मग कडूपणा, कारल्याच्या भाजीसारखा जिभेवर रेंगाळणारा.

त्याच क्षणीं तसबिरींतले आजोबा आठवले. त्यांचें भांडण चवीशीं नव्हतें. पगाराच्या दिवशीं रिकाम्या हातानें घरीं परतणाऱ्या बापाची मुलें त्यांनीं पाहिलीं होतीं. इंग्लंडलाही हें दुःख ठाऊक होतें. हॉगार्थनें १७५१ सालीं दोन चित्रें काढलीं: एकांत बिअर पिणारे सुखी लोक, दुसऱ्यांत जिनपायीं उजाड झालेली गल्ली. पण एका गल्लींतून दुसरींत जाणारी वाट त्यानें दाखविली नाहीं. आजोबांनीं ती पाहिली असावी. आम्हीं पेला अर्ध्यावर ठेवला. जें कळावयाचें तें दोन घोटांत कळलें होतें; पुढचे घोट केवळ चवीसाठीं झाले असते.

परत आल्यावर वर्गांत तो शब्द पुन्हां आला. चव कोणीं विचारली नाहीं. आम्हींच सांगितली, आणि ती कशी कळली तेंही सांगितलें. मुलें हंसलीं नाहींत, ऐकत राहिलीं. त्या मुलांत आम्हांला हवा होता तो मात्र नव्हता. तो आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. हें मासिक त्याच्या हातीं पडलें, तर त्याच्या प्रश्नाचें उत्तर वर लिहिलें आहे. त्या दिवशीं तें आम्हांला येत नव्हतें, एवढेंच सांगावयाचें राहिलें होतें.