दंडावर चालणारा कोंडवाडा

पेणहून नागोठण्याकडे जाताना पावसाळ्यातल्या रात्री महामार्गावर गुरं बसलेली असतात. भोवतीच्या खाचरांत पाणी, गवतात डास आणि गोमाश्या. डांबर तेवढं कोरडं. अंधारात काळं जनावर दिसत नाही. अशा जखमी गुरांसाठी धावणारी काही तरुण मुलं आमच्याकडे आहेत, त्यांच्याबरोबर मीही जाते. उपचार कसेबसे मिळतात. अडतं ते त्यानंतर.

नागोठण्याजवळच्या एका खोंडाचं सांगते. मागच्या पायाचं हाड खालच्या बाजूला मोडलं होतं, म्हणून प्लास्टर घालता आलं. डॉक्टर भर पावसात आले, बॅटरीच्या उजेडात काम उरकलं आणि हात धुता धुता म्हणाले, "ताई, हाड जुळायला वेळ लागेल. तोवर याला ठेवणार कुठे?" खोंडाच्या कानात बिल्ला नव्हता. आजूबाजूच्या वाड्यांत विचारलं, कोणी आपला म्हणेना.

मग कोंडवाडा. तिथल्या कर्मचाऱ्याने शांतपणे समजावलं, "पेंढ्याला वेगळे पैसे नसतात. मालक दंड आणि खुराकी भरतो, त्यात भागवायचं. याचा मालक आणा, आत्ता घेतो." मला राग आला, पण तो माणूस खोटं बोलत नव्हता. कोंडवाड्यामागचा कायदा 1871 चा आहे. पिकात शिरलेलं जनावर कोंडायचं, मालकाकडून दंड आणि खुराकी वसूल करायची, कोणी फिरकलं नाही तर नोटीस, दवंडी आणि शेवटी लिलाव. कोंडवाडा बांधला पिकासाठी, जनावरासाठी नाही. अर्थसंकल्पात तो जमेच्या बाजूने आला आणि मनाने अजून तिथेच आहे.

आता मालकच उरला नाही. भातशेतीत पॉवर टिलर आला, बैलाचं काम गेलं. 2015 पासून राज्यात गोवंश हत्याबंदी लागू आहे, त्यामुळे निकामी बैल, खोंड विकलेही जात नाहीत. शेतकऱ्याला दोष देऊन काय होणार? दावणीला बांधलेल्या लहानशा गावठी जनावरालाही रोज पाच-सहा किलो कोरडी वैरण लागते. ज्याला परवडत नाही तो दावं सोडतो, आणि त्या सोडलेल्या जनावराचा दंड भरायला तो कधीच येणार नाही. दंडावर पोसायचं ठरवलं की उपाशी ठेवणं ठरलेलंच.

पैसा मुळीच नाही, असंही नाही. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतल्या देशी गायींसाठी दर दिवशी, दर जनावरामागे 50 रुपये मंजूर केले. पण ते नोंदणीकृत, अनुभवी आणि पुरेशी जनावरं असलेल्या संस्थांना. कोंडवाडा त्यात बसत नाही. 2001 च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणीक्लेश प्रतिबंधक संस्था हवी आणि निवारा, रुग्णालय बांधायला राज्याने तिला जमीन द्यायची आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची गुरं हटवून निवाऱ्यात ठेवण्याचे आदेश दिले. निवाराच नसेल तर हटवून न्यायची कुठे?

कुत्र्यांचंही तसंच. 2023 च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी. त्यासाठी शस्त्रक्रियेची खोली, पिंजरे, प्रशिक्षित डॉक्टर लागतात. पेण किंवा रोहा-अष्टमीएवढ्या गावाने हा भार एकट्याने उचलावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. मुंबईत 1834 साली पांजरपोळ उभी राहिली ती सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या धनिकांच्या दानावर. आमच्याकडे तसे शेठ नाहीत, घरपट्टी भरणारी माणसं आहेत.

खोंडाला शेवटी एका शेतकरी दादांनी आपल्या गोठ्यात जागा दिली. पेंढ्याचे भारे आम्ही वर्गणीतून पोचवले. तो उभा राहिला, किंचित लंगडतो. दादांनी परत रस्त्यावर सोडला नाही. पण दुसरं जनावर त्यांच्या गोठ्यात मावणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि त्यांचं बरोबर आहे.

म्हणून आम्ही एक अर्ज लिहिला आहे, त्यात तीन मागण्या आहेत. पेण आणि रोहा या दोन्ही नगर परिषदांनी अर्थसंकल्पात वैरण आणि औषधोपचारासाठी दंडाशी न जोडलेली रक्कम ठेवावी. दोन्ही तालुक्यांना सोयीचा, नागोठण्याच्या आसपास एकच सामायिक निवारा व्हावा. बांधकामाचा पैसा जिल्हा नियोजन समितीकडून यावा, ग्रामपंचायतींनीही ऐपतीप्रमाणे वाटा द्यावा. अर्थसंकल्पाच्या सभेआधी दोन्हीकडच्या नगरसेवकांना भेटायचं ठरलं आहे. जागा बघायला सुरुवात केली आहे. पाण्याची सोय आणि ट्रक आत येईल एवढा रस्ता, या दोन गोष्टी आधी पाहतो.