हशा कुठल्या शब्दावर येतो

सिनेमावर विनोदी लिहायचं तर आधी सिनेमावर जीव जडलेला असावा लागतो. शिरीष कणेकरांचा (1943–2023) जडला होता. दिलीपकुमार आणि लता म्हणजे त्यांचे जन्माचे हळवे विषय. इंग्रजी दैनिकांतली पत्रकारी, मराठी वृत्तपत्रांतली सदरं, ‘यादों की बारात’सारखी पुस्तकं आणि पुढे ‘माझी फिल्लमबाजी’ घेऊन थेट रंगमंच. ही उडी त्यांना जमली, कारण त्यांचं वाक्य कागदावरही बोलतच असायचं.

मी बंगळुरूत मराठी मंडळींसमोर असे लेख वाचतो, तेव्हा कणेकरांची वाक्यं पुन्हा पुन्हा उघडून बघतो. ‘अमर अकबर अँथनी’मधलंच (1977) घ्या. तीन भाऊ ओळीनं खाटांवर. तिघांचं रक्त नळ्यांतून वर चढतं, एका बाटलीत जमतं आणि निरुपा रॉयच्या शिरेत उतरतं. ती आपली आई आहे, हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नाही. यावर मी आधी लिहिलं होतं: ‘इथे मनमोहन देसाईंनी गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडलेला आहे.’ विधान बरोबर, पण मोठ्यानं वाचलं की सगळी हवा ‘मोडलेला आहे’मध्ये निघून जाते. मराठीत क्रियापद शेवटी बसतं आणि हशा गिळतं. मग झालं: ‘रक्त खालून वर चढतं. न्यूटनचं काय घेऊन बसलात, तो थोडाच तिचा मुलगा!’ आता ‘मुलगा’वर थांबता येतं. क्रियापद गाळायचं, वाक्य तोडायचं, ठोका शेवटच्या शब्दावर ठेवायचा. हे मी कणेकरांकडून शिकलो.

त्यांच्या वाचकाला नुसतं ‘निरुपा रॉय’ म्हटलं तरी पुरे व्हायचं. माझ्यासमोर इथेच जन्मलेली, कन्नड शाळेत शिकलेली मुलंही असतात. त्यांच्यासाठी आधी प्रसंग उभा करावा लागतो, तोही मनापासून. रक्ताचं नातं असं डोळ्यांना दाखवण्याची देसाईंची हिंमत मला खरोखरच थोर वाटते. ते कौतुक आवाजात उतरलं, तरच पुढच्या न्यूटनच्या ओळीवर हसू येतं. नाहीतर ती नुसती टिंगल होते.

यंदा कन्नड अभिनेते डॉ. राजकुमारांवर लिहा, असा मुलांचा आग्रह आहे. ‘बेडर कण्णप्पा’पासून (1954) सुरुवात केली आहे. चित्रपट बघतो आहे, गाणी ऐकतो आहे, कन्नड शेजाऱ्यांना त्यांच्या आठवणी विचारतो आहे. विनोदाची एकही ओळ अजून लिहिलेली नाही.