पाच दिवे, एक वायर

डॅशबोर्डवर एक दिवा लागला की माणूस मॅन्युअल शोधतो. पाच लागले की थेट खिसा चाचपतो. पण पाच दिवे म्हणजे पाच बिघाड हे गणित आजच्या गाडीत चालत नाही. खरं तर आमच्या आयटीतल्या मंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही. एक डेटाबेस पडला की पन्नास सर्व्हिसेस बोंबलायला लागतात, अलर्टच्या मेलनी इनबॉक्स भरतो, आणि तरी कुणी पन्नास सर्व्हिसेस नव्याने लिहायला घेत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र "मॉड्यूल गेलंय" म्हटलं की आपण गप्प बसतो.

उदाहरण घरचंच आहे. माझे काका गंगाखेड तालुक्यात शेती करतात. त्यांची २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी एबीएस, ईएसपी, हिल होल्ड, टायर प्रेशर आणि पॉवर स्टिअरिंग असे पाच पिवळे दिवे एकदम लागले. शहरातल्या एका वर्कशॉपने एबीएस मॉड्यूल बदला म्हणून सांगितलं. ४२ हजार रुपये, पार्ट यायला दहा दिवस. इकडे काकूंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा परभणीला. येताना त्यांना धड बसवत नाही, त्यामुळे एसटीचा प्रश्नच नाही. काकांचा फोन आला तो असा: "गाडीत दिवाळी लागलीय बघ. तू कम्प्युटरवाला नं? एवढे पैसे घालू का नको, तेवढं सांग."

मी आधी रंग विचारला. ऑइल, तापमान, बॅटरी चार्जिंग, ब्रेक यांचे लाल दिवे लागले तर गाडी बाजूला घ्यायची, चर्चा नंतर. एबीएसचा पिवळा दिवा एकटा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. पण त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल तर पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही बिघडलेली असू शकते. मग ती गाडी हलवूच नये. काका म्हणाले, "सगळे पिवळेच हायेत." हुश्श.

आता हे पाच एकदम का? भारतात एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे चारही चाकांशी वेग मोजणारा एकेक सेन्सर आला. ही माहिती एबीएस एकटं वापरत नाही. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे आणलेल्या कॅन बस नावाच्या दोन तारांवरून ती सगळ्यांना वाटली जाते. गाडी घसरतेय का हे ईएसपी त्यावरून ठरवतं. स्टिअरिंग किती हलकं ठेवायचं हे वेगावर ठरतं. या गाडीत टायरच्या आत प्रेशर सेन्सर नाहीत, त्यामुळे हवासुद्धा चाकाच्या वेगावरूनच ओळखतात (हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त फिरतं). एका चाकाने तोंड मिटलं की सगळे आंधळे!

बॅटरी कमकुवत असली तरीही असाच दिव्यांचा पाऊस पडतो, आणि तपासायला ती सगळ्यात स्वस्त. बंद गाडीत १२.५ व्होल्ट, चालू इंजिनवर १४.२. म्हणजे तिचा दोष नाही.

काकांनी स्कॅनचा कागद मागून घेतला होता, हे फार बरं झालं. व्हॉट्सॅपवर त्याचा फोटो आला. एबीएसच्या खाली कोड होता सी ००५०, म्हणजे मागच्या उजव्या चाकाचा सेन्सर. आणि इंजिन व स्टिअरिंग दोघांच्याही खाली यू ०४१५.

माझ्या मते सगळी केस इथेच सुटली. एबीएस मॉड्यूल खरंच मेलं असतं तर बाकीच्यांनी यू ०१२१ नोंदवला असता. त्याचा अर्थ, एबीएसकडून काहीच ऐकू येत नाही. यू ०४१५ चा अर्थ वेगळा: ऐकू येतंय, पण सांगतोय ते भरवशाचं नाही. शिवाय मेलेलं मॉड्यूल सेन्सरची तक्रार कशी नोंदवेल? कागद वर्कशॉपचाच होता, फक्त तो कुणी वाचला नव्हता.

शनिवारी गावी पोचलो. गंगाखेडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने स्कॅनर आणला. (आपले स्वस्तातले ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनचेच कोड वाचतात, एबीएसपर्यंत पोचत नाहीत.) काका गाडी चालवतायत आणि आम्ही दोघं स्क्रीनकडे बघतोय. तीन चाकं २२, मागचं उजवं ०. खड्ड्यात आदळलं की क्षणभर २२, पुन्हा ०. सेन्सर मेलेला असता तर असा मधेच जागा झाला नसता. म्हणजे वायर.

चाक काढलं. आमच्याकडची काळी माती ज्यांनी पावसात बघितलीय त्यांना पुढचं सांगायला नको. शेतरस्त्याचा चिखल चाकाच्या कमानीत थापला जातो आणि वाळला की सिमेंट. तो खरवडून काढल्यावर दिसलं की सेन्सरची वायर क्लिपमधून निसटली होती आणि टायरला घासून घासून सोलली होती. आतलं तांबं हिरवं पडलेलं. इलेक्ट्रिशियनने खराब तुकडा कापला, जोड सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली. ३५० रुपये, चहासकट. कोड पुसले तरी एबीएसचा दिवा लगेच गेला नाही, तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. चाकं फिरून सेन्सर पटल्याशिवाय ते मॉड्यूल दिवा विझवत नाही. २० च्या पुढे वेग गेला आणि गेला!

हिसके बसणाऱ्या जागी सोल्डरचा जोड फार दिवस टिकत नाही, म्हणून नवीन सेन्सर वायरसकट मागवलाय. सोमवारी डायलिसिसला काका-काकू त्याच गाडीने गेले. निघायच्या आधी काकांनी खुरपं घेऊन चारही कमानी खरवडल्या.